मामा, उठा! चालायला जाऊ

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला घरचे पहिली गोष्ट सांगतात, ‘आता गप बसून राहायचं.’ पण ताणलेलं हृदय रक्तात एक हार्मोन सोडून आपली तक्रार सांगत असतं. ती तक्रार कमी करायला गोळ्यांच्या जोडीला चालणंही लागतं. नांद्यातल्या एका घरातली ही गोष्ट आणि तिच्यामागचं विज्ञान.

पहाटे साडेचारला गोठ्यातून धारेचा आवाज येतो. रिकाम्या बादलीत पडणारी पहिली धार टणटण वाजते, मग बादली भरत जाते तसा आवाज जाड होत जातो. कॉलेजसाठी मी मामांकडे नांद्याला राहायला आले तेव्हा या आवाजानं झोपमोड व्हायची, म्हणून कानात इअरफोन घालून झोपायचे. यंदा शिमग्याच्या आधीपासून मी इअरफोन घालणं सोडलंय. आवाज अजून येतो, पण आता धार मामी काढते आणि मामा ओट्यावर खुर्चीत बसून ऐकतात.

मामा एक्कावन्न वर्षांचे. दोन म्हशी आणि मोटारसायकलला दोन्ही बाजूंना लटकवलेले कॅन हा त्यांचा धंदा. म्हाळुंग्याकडे उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये सातच्या आत दूध पोचवायचं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॅन चढवता चढवता त्यांना दरदरून घाम फुटला. छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात जड पडला. ‘पित्त झालंय’ म्हणत त्यांनी लिंबू-सोडा घेतला. माझा मामेभाऊ कबड्डीच्या प्रॅक्टिसला निघाला होता. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि वाद न घालता गाडीत घातलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि काही दिवसांत मामा घरी आले.

त्यानंतर घरात नवा कायदा लागू झाला. मामांनी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही, गोठ्यात जायचं नाही, जिना चढायचा नाही. येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच म्हणायचा, ‘आराम करा, आराम!’ डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, ‘हलका व्यायाम सुरू ठेवावा.’ हलका म्हणजे किती, कधीपासून, कुठवर, हे कुणी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

‘मला काय काचेचं भांडं समजता व्हय?’ मामा एकदा चिडून म्हणाले. मामी काहीच बोलली नाही. त्याच आठवड्यात म्हशी विकायची बोलणी सुरू झाल्याचं मला भावाकडून कळलं.

रिपोर्टमधला अनोळखी शब्द

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा मामांच्या फाइलमध्ये एक नवा रिपोर्ट आला. टेस्टचं नाव ‘एनटी-प्रोबीएनपी’. आकडा चार आकडी आणि शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे हाय. रात्री मी आपण सगळेच करतो तेच केलं, गुगल. पहिलाच शब्द दिसला ‘हार्ट फेल्युअर’. पोटात गोळा आला. ‘हार्ट फेल झालं’ हे वाक्य आपण फक्त माणूस गेल्यावरच ऐकलेलं असतं ना!

पुढच्या भेटीत डॉक्टरांना गाठलं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, तर पंप कमी ताकदीनं चालणं, हे तिथं समजलं. आणि हा आकडा ज्याचा आहे ती वस्तू हृदयानं स्वतः तयार केलेली असते, हेही.

थांबा. हार्मोन्स ग्रंथी तयार करतात, असं आपण बारावीला शिकलो. थायरॉइड, पिट्युटरी, स्वादुपिंड. हृदय तर पंप! जगातले डॉक्टरही बराच काळ असंच मानत होते. 1956 मध्ये ब्रुनो किश या शास्त्रज्ञाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींमध्ये बारीक कण दिसले. अशा प्रकारचे कण हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींत दिसतात. ते हृदयात काय करत होते, हे पुढची पंचवीस वर्षं कोडंच राहिलं.

1981 मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत त्या उंदरांच्या लघवीतून भराभर मीठ आणि पाणी बाहेर पडू लागलं, रक्तदाब उतरला. म्हणजे हृदय मूत्रपिंडाला निरोप पाठवत होतं! 1988 मध्ये जपानी संशोधकांना याच कुळातलं आणखी एक हार्मोन सापडलं. ते सापडलं डुकराच्या मेंदूत, म्हणून नाव पडलं ‘ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’, थोडक्यात बीएनपी. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ‘नॅट्रियुरेटिक’ हा शब्द घाबरवतो, पण केमिस्ट्रीतला सोडियमचा ‘एनए’ आठवा. तो ‘नॅट्रियम’वरून आलाय. नॅट्रियुरेटिक म्हणजे लघवीवाटे सोडियम बाहेर काढणारं.

चौघांचं ओझं तिघांवर

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरतो. अटॅक आलाय का हे ठरवायला जी ट्रोपोनिन टेस्ट करतात, ती या तुटलेल्या स्नायूचे तुकडे मोजते. ट्रोपोनिन हार्मोन नाही. बीएनपीची गोष्ट वेगळी आहे. ते जिवंत, राबणाऱ्या स्नायूकडून येतं.

मेलेल्या स्नायूच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही. मग चौघांनी उचलायचं ओझं उरलेल्या तिघांवर येतं. कप्प्यात रक्त साचून राहतं, आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते. ताण टिकून राहिला की कप्पा हळूहळू आकारानं मोठा होत जातो. फुगा जितका मोठा फुगतो तितका त्याच्या रबरावरचा ताण वाढतो आणि रबर पातळ होतं. हृदयाचंही तसंच होतं. मोठ्या कप्प्याला तेवढंच रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो.

ही ताणलेली भिंत 108 अमिनो आम्लांची एक साखळी तयार करते. तिचे दोन तुकडे होतात. 32 अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामाचा. मूत्रपिंडाला तो मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो, म्हणजे हृदयावरचा भार हलका होतो. उरलेला 76 चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी रक्तात साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. हा दुसरा तुकडा त्याहून बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅबला मोजायला सोयीचा. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात! एवढ्याशा वस्तूवरून हृदय किती ताणलंय याचा अंदाज येतो.

याच वेळी शरीरात दुसरी टोळीही कामाला लागलेली असते. अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन. पंप कमी पडतोय म्हटल्यावर ही मंडळी नाडी वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी धरून ठेवतात. जखम होऊन रक्त वाहून जात असेल तेव्हा हेच प्राण वाचवतं. पण महिनोन् महिने चाललं तर थकलेल्या बैलाला चाबूक मारल्यासारखं होतं. मामांच्या गोळ्यांमधल्या बऱ्याचशा याच टोळीला आवरणाऱ्या आहेत. बीएनपी दोराच्या एका टोकाला आणि ही टोळी दुसऱ्या टोकाला, अशी रस्सीखेच.

चाललं की आकडा का उतरतो?

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच होता. व्यायाम केला की हृदयावर भार येतो. मग भार टाकून ताण कमी कसा होईल?

उत्तर असं की व्यायामाचा भार अर्ध्या तासाचा असतो आणि फायदा उरलेल्या साडेतेवीस तासांचा. रोज ठराविक चालणाऱ्या माणसाच्या पायांचे स्नायू तेवढ्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन खेचायला शिकतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं, त्यानं वाहिन्या सैल राहतात. नॉरअ‍ॅड्रेनालिनची टोळी थंडावते आणि बसल्या जागची नाडी हळू होते. थोडक्यात, हृदय स्वतः फारसं बदललं नाही तरी त्याच्यापुढचं काम सोपं होतं. भिंतीवरचा ताण कमी झाला की हार्मोनही कमी सुटतं.

हे नुसतं तर्काचं नाही. इटलीत नेपल्समध्ये अटॅकनंतर हृदयाचा पंप कमकुवत झालेल्या 44 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तीन महिने देखरेखीखाली व्यायाम दिला. उरलेल्यांना ‘हालचाल ठेवा, नीट राहा’ एवढा सल्ला देऊन घरी पाठवलं. (मामांच्या कागदावरची ओळ आठवली ना?) तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्या गटाचं एनटी-प्रोबीएनपी निम्म्याहून खाली आलं. सल्लावाल्या गटात तशी घट दिसली नाही. त्याच वर्षी इटलीतल्याच पिसा शहरातल्या संशोधकांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना नऊ महिने व्यायाम देऊन पाहिला. तिथं बीएनपीबरोबर नॉरअ‍ॅड्रेनालिनही उतरलं. म्हणजे दोराची दोन्ही टोकं सैल झाली.

हे अभ्यास लहान होते, हे खरं. पण व्यायामानं माणूस जगतो का, या मोठ्या प्रश्नावर भरपूर काम झालंय. 2021 च्या कॉक्रन आढाव्यात 85 चाचण्या आणि 23 हजारांहून जास्त हृदयरुग्णांची माहिती एकत्र केली गेली. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनानं हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि रुग्णालयात भरती होण्याच्या वेळा कमी झाल्या.

भारतात ‘योगा-केअर’ नावाची मोठी चाचणी झाली. 24 केंद्रं, अटॅक येऊन गेलेले 3,959 रुग्ण आणि व्यायामाच्या जागी योगावर बेतलेलं पुनर्वसन. निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत दोन गटांमध्ये ठाम फरक सिद्ध झाला नाही. पण योग गटातले रुग्ण आपल्या आधीच्या कामांकडे जास्त चांगले परतले आणि त्यांना आपली तब्येत बरी वाटत होती. दोन म्हशी असलेल्या घरासाठी ‘कामाला परतणं’ ही लहान गोष्ट नाही.

खाटेची सवय कुठून आली?

‘आराम करा’ म्हणणारे पाहुणे काही हवेतून बोलत नव्हते. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अटॅकनंतर चार ते सहा आठवडे खाटेवर पडून राहणं हाच उपचार होता. काही ठिकाणी रुग्णाला स्वतःच्या हातानं जेवूही देत नसत. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या जाऊन माणसं दगावायची, तरी खाट सुटत नव्हती. 1950 च्या सुमारास बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचा तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं बसवायला! तेवढ्यावरही टीका झाली. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतं-फिरतं केलं. ते कामावर परतले आणि पुढच्या वर्षी निवडणूक जिंकले. तेव्हा लोकांना वाटू लागलं की अटॅकनंतरही आयुष्य असतं.

खाट किती महाग पडते याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्याच वयाच्या पोरांनी दिलाय. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे पाव भागानं घटली. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. धडधाकट विशीतल्या मुलांची ही गत, तर पन्नाशीतल्या मामांचं खुर्चीत काय होत असेल?

मराठी घरात हा विषय निघाला की एक पुस्तक आठवतंच. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य घालवणारे डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. स्वतः डॉक्टर, तरी ही वेळ आली. व्यायाम, आहार, ध्यान यांतून स्वतःचं जगणं बदलत ते त्यातून उभे राहिले. त्यावरचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. मी ते एका मैत्रिणीच्या बाबांकडून आणलं आणि काही न बोलता मामांच्या उशाशी ठेवलं. मामांनी ते वाचलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मामीनं वाचलं.

पण नांद्यात चालायचं कुठं?

आधी रुग्णालयात मामांची सहा मिनिटांची चाल-चाचणी झाली. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दमलं तर थांबायचं, पण घड्याळ चालूच. फिजिओथेरपिस्टनं त्यावरून सुरुवात ठरवून दिली. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, सपाट जागेवर, आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ.

सपाट जागा! नांद्यापासून जवळच बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, जिथं 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. मामा ज्या सोसायट्यांमध्ये दूध टाकायचे तिथं जॉगिंग ट्रॅक आहेत, गेटवर वॉचमन आहे. आमच्या रस्त्यावर मात्र डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर आहेत. धूळ एवढी की कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी भुवया पांढऱ्या होतात. शेवटी आम्हाला रस्ता सापडला तो भातखाचरांच्या बाजूनं जाणारा, मागच्या वस्तीपर्यंतचा. सकाळी साडेसहाला वर्दळ नसते. समोर लवळ्याची टेकडी दिसते. पहिल्या दिवशी मी एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला आणि मामा मध्ये. ‘वरात काढलीय का माझी?’ म्हणाले.

भावानं स्वतःचं स्मार्टवॉच मामांच्या मनगटावर चढवलं आणि पहिला घोटाळा तिथंच झाला. ॲपनं वयावरून नाडीचं टार्गेट काढलं. मामांची नाडी काही तिथवर जाईना. भाऊ म्हणाला, ‘मामा-पप्पा काय, तुम्ही नीट चालतच नाही!’ (घरात सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून तोही चेष्टेनं म्हणतो.) नशीब, फिजिओला विचारलं. मामांना बीटा-ब्लॉकर गोळी आहे. ती नाडी मुद्दाम कमी ठेवते. तिच्यावर असलेल्या माणसाला आपल्या जिमच्या ॲपमधलं टार्गेट लावणं म्हणजे धोक्याला आमंत्रण.

मग वेग कसा ठरवायचा? यासाठी एक साधी कसोटी आहे. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. बोलताना धाप लागली तर वेग जास्त. आरामात गाता आलं तर कमी. मामा गावच्या भजनात टाळ वाजवतात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी चालता चालता त्यांनी भजनच सुरू केलं. भावानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्या आठवड्यात फिजिओला विचारून वेग वाढवला.

कॅन उचलायला मात्र अजून परवानगी नव्हती. आपण जड वस्तू उचलताना नकळत श्वास रोखतो, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. हा व्यायाम नव्हे, अचानक पडलेला भार असतो. ‘मी आयुष्यभर कष्टच केलेत, मला वेगळा व्यायाम कशाला?’ असं मामांसारखे खूप जण म्हणतात. फरक इथंच आहे. कष्टाला वॉर्म-अप नसतो, ठरलेला वेग नसतो, आणि दूध वेळेत पोचवायचं असेल तर थांबायची सोयही नसते.

आकडा म्हणजे मार्कशीट नव्हे

जूनमध्ये टेस्ट पुन्हा झाली. चार आकडी आकडा तीन आकडी झाला होता. भावानं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, वर फटाके. मी मात्र इंटर्नशिपमध्ये शिकलेला प्रश्न डॉक्टरांना विचारला. हे चालण्यानं झालं, की गोळ्यांनी, की नुसता काळ गेल्यानं?

एका माणसाच्या रिपोर्टवरून ते वेगळं करता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. अटॅकनंतर पहिल्या दिवसांत हे हार्मोन चढतं आणि बऱ्याच जणांत पुढे आपोआपही उतरतं. गोळ्याही उतरवतात. म्हणून तर दोन गट करून तुलना करावी लागते, नेपल्समध्ये केली तशी. चालणं सुरू केलं म्हणून गोळी बंद करणं, हा यातला सगळ्यात वाईट निष्कर्ष.

आकड्याच्या आणखी काही खोड्या आहेत. ओपीडीत आलेल्या माणसात एनटी-प्रोबीएनपी 125 च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात. पण वय वाढलं की हा आकडा वाढतो. मूत्रपिंड कमजोर असेल तरी वाढतो. लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. आणि जोरदार व्यायामानंतर काही काळ तो वर जातो, अगदी निरोगी मॅरेथॉन धावपटूंमध्येही. त्यामुळे पळत पळत लॅबमध्ये जाऊन रक्त देणं शहाणपणाचं नाही. हार्ट फेल्युअरच्या एका नव्या औषधात बीएनपी मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवणारा घटक असतो. ते चालू असताना बीएनपी वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तिथं एनटी-प्रोबीएनपीच पाहतात. एकूण काय, शेजारच्या काकांच्या रिपोर्टशी मामांचा रिपोर्ट जुळवत बसायचं नाही.

मला विचाराल तर खरा निकाल दुसराच होता. सहा मिनिटांत मामा मार्चपेक्षा बरंच जास्त चालले आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत.

साडेसहाची हाक

दोन म्हशींपैकी एक एप्रिलमध्ये विकली गेली. रुग्णालयाचं बिल कुठून तरी फेडायचं होतंच. दुसरी आहे. धार अजून मामीच काढते, कॅन भाऊ चढवतो आणि मामा डॉक्टरांच्या परवानगीनं जवळच्या मोजक्या घरांना पिशव्यांतून दूध देऊन येतात. पूर्वीचा धंदा परत आलेला नाही. येईल की नाही, माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बदललीय. ‘आराम करा’ म्हणणारा पाहुणा आला की मामीच त्याला सांगते, ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’ आता ती स्वतःही येते. साडीचा पदर खोचून, पायात भावाचे जुने स्पोर्ट्स शूज. तिचं बीपी गेल्या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी तपासलं. तेही वाढलेलंच निघालं.

परवा ऑफिसातून उशिरा आले होते, सकाळी जाग आली नाही. लावणीचे दिवस, बाहेर झिमझिम पाऊस. दाराबाहेरून मामांचा आवाज आला, ‘पोरी, उठ. साडेसहा झाले. छत्री घे.’

घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल तर...

- व्यायाम कधी आणि किती सुरू करायचा, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. ‘कार्डिअ‍ॅक रिहॅबची सोय आहे का?’ हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशीच विचारा.
- सुरुवातीला एकटं पाठवू नका. सोबत चाला. आपलेही पाय मोकळे होतात.
- आधी पाच मिनिटं हळू, शेवटची पाच मिनिटं पुन्हा हळू. एकदम थांबू नका. जेवल्या जेवल्या चालू नका.
- छातीत दुखणं, दाब येणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, धडधड यांपैकी काहीही झालं तर तिथंच थांबा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती खिशात ठेवा. त्रास थांबला नाही तर 108 वर फोन करा.
- दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं किंवा पायांवर सूज आली तर शरीरात पाणी साचत असू शकतं. डॉक्टरांना कळवा.
- बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका.